वांद्र्याच्या पाखाड्या आणि वाटेवरचे क्रूस

वांद्रे म्हटले की आज उंच इमारती आणि २००९ साली खुला झालेला सागरी सेतू डोळ्यांपुढे येतो. परंतु रानवर, पाली, चिंबई, शेर्ली, राजन ही मुळात पाखाड्यांची नावे आहेत. भातशेते, माडांच्या बागा आणि किनाऱ्याची खाजणे यांमध्ये ईस्ट इंडियन शेतकऱ्यांची व कोळी बांधवांची ही घरे वसली होती. संत अँड्र्यू चर्चची स्थापना १५७५ सालची. या वस्तीच्या जुनेपणाची कल्पना त्यावरून यावी.

माहीमच्या खाडीमुळे वांद्रे मुंबई बेटापासून अलग होते. १८४५ साली माहीम कॉजवे पुरा झाला. त्यासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी मोठी रक्कम दिली होती. पुढे १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि पाली टेकडीवर बंगले उभे राहू लागले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली, तेव्हा दाटीच्या शहरातून अनेक कुटुंबे उपनगरांकडे वळली.

त्या साथीच्या काळात भाविकांनी पाखाड्यांच्या वेशीवर व नाक्यांवर क्रूस उभारले, संरक्षणाची याचना केली आणि तेथे जपमाळेच्या प्रार्थना सुरू ठेवल्या. (प्रत्येक जुना क्रूस प्लेगचाच, असा समज मात्र बरोबर नाही, काही त्यापूर्वीचेही आहेत.) १९१८ साली साष्टी कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली आणि शेतांच्या जागी आखीव भूखंड व सरळ रस्ते आले. म्हणूनच आजही वांद्र्याची जमीन पायी चालून वाचता येते: गल्ली वळणावळणाची असेल तर तेथे पाखाडी होती, रस्ता सरळ असेल तर बहुधा शेत. रानवरची वेरोनिका स्ट्रीट पाहावी.

आता पुनर्विकासात कौलारू घर जाते, ओटा जातो, आणि अंगणातला क्रूस नव्या इमारतीच्या कुंपणापाशी येतो किंवा रस्त्यातील अडथळा ठरतो. एप्रिल २०१७ मध्ये बाजार रोडजवळचा १८९५ सालचा क्रूस महापालिकेने पाडला. जागा खासगी की सार्वजनिक, हाच वादाचा मुद्दा होता. अशा वेळी भावना पुरेशी ठरत नाही, कागद लागतो. आपल्या पाखाडीतील क्रूसावर कोरलेले साल, नाव आणि त्या जागेचा नगर भूमापन क्रमांक धर्मग्रामाच्या दप्तरी नोंदवून घ्यावा, आणि ज्यांच्या आजी-आजोबांना शेताच्या सीमा ठाऊक होत्या त्यांनी त्या आठवणी आताच लिहून द्याव्यात, अशी आमची वाचकांना विनंती आहे.