मधल्या मार्गिकेची बारा वर्षे

आमच्या इंदुरात ‘ए. बी. रोड’ हे नाव दिवसातून असंख्य वेळा उच्चारले जाते. परंतु त्यातील ‘ए’ म्हणजे आग्रा आणि ‘बी’ म्हणजे बॉम्बे, याचे स्मरण आता क्वचितच कोणाला होत असेल. माझे वडील मात्र अखेरपर्यंत ‘आग्रा-मुंबई रस्ता’ असेच म्हणत, आणि त्या म्हणण्यात किंचित परकेपणाही असे. रामबागेत जन्म काढलेल्या माणसाला तो रस्ता गावाबाहेरचा. राजवाडा, सराफा, खजुरी बाजार, फार तर तोफखाना, एवढे त्यांचे इंदूर. छावणी ओलांडून पलीकडे जायचे म्हणजे कोणाला तरी एम. वाय. रुग्णालयात दाखल केलेले असले पाहिजे, नाहीतर घरातील एखाद्या मुलाचे नाव होळकर महाविद्यालयात घातलेले असले पाहिजे.

त्यांचा हा परकेपणा अगदीच निराधार नव्हता. महिदपूरच्या पराभवानंतर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला, तात्या जोगांनी होळकरांची राजधानी इंदुरात आणून बसविली, आणि त्याच तहाच्या मागोमाग इंग्रजांची रेसिडेन्सी शहराच्या पूर्वेस येऊन बसली. पश्चिमेला खान नदीच्या काठचे होळकरांचे गाव, पूर्वेला साहेबाचे बंगले आणि त्याची छावणी. पुढे आग्रा-मुंबई हमरस्ता झाला तो याच पूर्वेच्या अंगाने गेला. त्यामुळे या रस्त्याला शहराचा रस्ता अशी योग्यता प्राप्त होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. १८५८ सालचे पांढरे चर्च आजही उभे आहे. पण आता त्याच्या नावाने लोक चौराहा ओळखतात, चर्च नव्हे!

माझ्या लहानपणी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता. नवलख्यापाशी उभे राहिले की मुंबईकडून येणाऱ्या ट्रकांची रांग दिसे, आणि आम्हा मुलांना त्यांच्या पाट्यांवरील परगावचे क्रमांक वाचण्याचा नाद असे. शहरातल्या शहरात फिरण्यासाठी तांगे होते, थोड्या सरकारी बसगाड्या होत्या, आणि मुख्यतः टेम्पो होते. तीन चाकांचे ते धूड काळा धूर ओकीत, माणसे जितकी मावतील तितकी आणि त्याउपर आणखी चार घेऊन धडधडत जाई. पुढे मिनी बसगाड्या आल्या, त्यांना ‘नगर सेवा’ असे भारदस्त नाव मिळाले. मग छोट्या व्हॅन आल्या. या सर्वांचा एक समान नियम होता : गाडी भरल्याखेरीज ती हलणार नाही. ज्याला वेळेवर पोहोचायचे असे त्याने वेळेच्या पुष्कळ आधी निघावे. स्त्रियांनी कसे जावे, वृद्धांनी कसे चढावे, हे प्रश्न कोणाच्या मनातही येत नसत. ज्यांना ते पडत, ती माणसे घरीच बसत.

२००५ साली मध्यप्रदेश शासनाने आपले राज्य परिवहन महामंडळ गुंडाळण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस इंदूरच्या महापालिकेने आणि विकास प्राधिकरणाने मिळून शहर बसवाहतुकीसाठी एक स्वतंत्र कंपनी स्थापन केली, आणि २००६ पासून तिच्या बसगाड्या रस्त्यावर आल्या. बसगाड्या खाजगी चालकांच्या, मार्ग आणि वेळापत्रक कंपनीचे, अशी ती व्यवस्था होती. राज्याची बससेवा मावळत असता एका शहराने स्वतःची बस उभी करावी, हे त्या काळी अनेकांना नवलाचे वाटले. आम्ही इंदूरकर थोडे आत्मप्रौढी मिरविणारे लोक आहोत, हे मान्य करूनही सांगतो की ते नवल खरे होते.

त्याच प्रयत्नातून १० मे २०१३ रोजी ‘आय-बस’ सुरू झाली. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत सुमारे साडेअकरा किलोमीटर, वाटेत एकवीस स्थानके. ही कल्पना मूळची आमची नव्हे. ब्राझीलमधील कुरितिबा नगरीत जैमे लेर्नर नावाच्या वास्तुशास्त्रज्ञ महापौराने १९७४ पासून टप्प्याटप्प्याने ती प्रत्यक्षात उतरविली : बसला रस्त्याच्या मध्यातून स्वतःची वाट द्यावी, तिकीट स्थानकावरच घ्यावे, आणि ओट्यावरून सरळ पाऊल टाकून आत जावे, म्हणजे रुळांवाचूनच रेल्वेचा लाभ होतो. आपल्याकडे पुण्याने २००६ मध्ये तिचा आरंभ केला, दिल्लीने २००८ मध्ये, अहमदाबादने २००९ मध्ये. आमच्याकडे रस्त्याच्या मधोमध लोखंडी कठडे उभे राहिले आणि त्यांच्या आत बसची मार्गिका झाली. रुग्णवाहिकांनाही त्या मार्गिकेतून जाण्याची मुभा होती.

मी राजेंद्रनगरात राहतो आणि माझी शाळा विजयनगरच्याही पलीकडे आहे. म्हणजे बसचा जवळजवळ संपूर्ण मार्ग माझ्या रोजच्या वाट्याला आला. सकाळच्या बसमधून हे शहर जसे दिसे तसे ते अन्यत्र कोठे दिसत नसे. भंवरकुव्याला स्पर्धापरीक्षांची जाडजूड पुस्तके पोटाशी धरलेली खेड्यांतली मुले चढत. जी. पी. ओ.च्या आसपास एम. वाय. रुग्णालयाकडे जाणारी, हातात क्ष-किरणांची मोठी पिवळी पाकिटे घेतलेली माणसे उतरत. पलासियाला कार्यालयांतील कर्मचारी, विजयनगरला दुकानांतून काम करणाऱ्या मुली. एकदा एका वृद्ध गृहस्थांनी कुबड्या सावरीत ओट्यावरून बसमध्ये पाऊल टाकले, आणि जागेवर बसल्यावर ते मला मराठीत म्हणाले, “मास्तर, पायरी नसलेली गाडी आयुष्यात प्रथमच पाहिली.” ते मला मास्तर म्हणून कसे ओळखते झाले, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

या बसने काय केले हे मला ज्या प्रसंगाने कळले, तो २०१६ च्या जून महिन्यातील आहे. तेव्हा मी शाळेत साधा शिक्षक होतो. बारावीला उत्तम गुण मिळविलेल्या एका मुलीचे वडील मला भेटावयास आले. कुटुंब मूळचे बऱ्हाणपूरकडचे. गृहस्थ देवास नाक्याजवळच्या गोदामांत हमाली करीत. मुलीला होळकर महाविद्यालयात विज्ञान शिकावयाचे होते, आणि निरंजनपूरहून भंवरकुवा म्हणजे शहराचे दुसरे टोक. घरातील कोणतीही स्त्री तोवर एकटी इतक्या दूर गेलेली नव्हती. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “सर, पोरगी आय-बसनं जाईल नि आय-बसनं येईल. मधी कुठं उतरायचं न्हाई. एवढं कबूल असंल तर घाला नाव कालेजात.” त्यांनी आधी स्वतः एक दिवस रोजगार बुडवून तो प्रवास करून पाहिला होता. स्थानकावर दिवे आहेत, दारात पहारेकरी आहे, आणि घरापासून महाविद्यालयापर्यंत पस्तीस मिनिटे लागतात, हे सर्व त्यांनी पाहून ठेवले होते. मुलगी शिकली. आज ती एका प्रयोगशाळेत नोकरी करते.

एवढे सांगितल्यावर स्वतःबद्दलही सांगितले पाहिजे. त्यानंतर दोनच वर्षांनी मी एक जुनी मोटार विकत घेतली. पत्नीच्या गुडघ्यांचे निमित्त होते, आणि निमित्त खरेही होते. तथापि हळूहळू मी ती शाळेतही नेऊ लागलो. पलासियाच्या सिग्नलपाशी शेकडो वाहनांत अडकून पडलेला असताना कठड्यापलीकडची मोकळी मार्गिका पाहून माझाही जीव जळत असे. ‘एवढा रस्ता रिकामा ठेवायचा आणि आम्हाला येथे कोंडायचे, हा कोणता न्याय?’ असे मी मोठ्याने म्हणालोही असेन. मग बस येई, आणि तिच्या खिडक्यांतून माझे विद्यार्थी मला हात करून पुढे जात.

पुढे मी नववीच्या वर्गाला हे गणित घातले. एका बसमध्ये साठ माणसे आहेत. ती साठही जणे एकेकटी मोटारीने निघाली आणि प्रत्येक मोटारीने रस्त्याची पाच मीटर लांबी अडविली, तर रांग किती लांब होईल? उत्तर तीनशे मीटर. एक मुलगा म्हणाला, “पण सर, बस तर तेवढ्यात निघून गेलेली असते.” त्याने मर्म पकडले होते. जी मार्गिका आपले काम नीट करते ती पाहणाऱ्याला रिकामीच दिसते. माणसांनी भरलेली बस दृष्टीआड होते आणि मागे उरलेले मोकळे डांबर तेवढे डोळ्यांत सलत राहते.

अर्थात या योजनेत दोष नव्हते असे मी म्हणणार नाही. चौराहे जसेच्या तसे राहिल्याने कठड्यांच्या आत वेगाने आलेली बस प्रत्येक सिग्नलपाशी इतर वाहनांच्या बरोबरीने तिष्ठत असे. मध्यावरील स्थानकापर्यंत पोहोचण्यासाठी पादचाऱ्याला धावत्या वाहनांतून जीव मुठीत धरून जावे लागे. कडेच्या मार्गिका काही ठिकाणी फारच अरुंद झाल्या होत्या, आणि त्यांत पुन्हा दुकानांपुढे उभी केलेली वाहने. रात्री अंधारात कठड्यांवर गाड्या आदळत. गर्दीच्या वेळी बसमध्ये उभे राहण्यासही जागा नसे. यांपैकी बरेचसे दोष दुरुस्त करता आले असते, असे माझे मत आहे. २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणांत वर्षानुवर्षे देशात पहिले आलेले शहर, घरोघरच्या कचऱ्याला शिस्त लावू शकलेले शहर, दुकानांपुढच्या मोटारींना शिस्त लावू शकले नसते काय?

पण वारे फिरले होते. दिल्लीने आपली मार्गिका काही वर्षांतच मोडली. भोपाळची २०१३ मध्ये सुरू झालेली मार्गिका २०२४ च्या जानेवारीत काढावयास घेतली. इंदूरच्या मार्गिकेविरुद्ध जनहित याचिका आरंभापासूनच न्यायालयात होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी ती हटविण्याची घोषणा केली आणि २७ फेब्रुवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्यास अनुमती दिली. त्यावेळी या मार्गावरून रोज पन्नास हजारांच्या आसपास लोक प्रवास करीत होते. फेब्रुवारी संपता संपता कठडे कापण्यास प्रारंभ झाला. त्यानंतर मात्र ते काम महिनोन्महिने रेंगाळले. कोठे कठडा आहे, कोठे नाही, कोठे नुसतेच उखडलेले खांब, अशी रस्त्याची अवस्था झाली.

वृत्तपत्रांतून आनंद व्यक्त झाला. रस्ता आता रुंद होईल, वाहतूक सुरळीत होईल, चौराह्यांवर उड्डाणपूल येतील, असे लिहिले गेले. मी त्या दिवसांत बसमधून मुद्दाम दोन-तीनदा प्रवास केला. आत कोणीही या विषयावर बोलत नव्हते. कोणाचा निषेध नाही, फलक नाही, सह्यांची मोहीम नाही. ज्याला साडेनवाला कामावर हजर व्हावयाचे आहे त्याला सभेला जाण्यास सवड कोठून असणार? बसगाड्या बंद होणार नाहीत असे आश्वासन होते आणि त्या चालूच राहिल्या. फक्त जेथे कठडा गेला तेथे त्या इतर वाहनांत मिसळून जाऊ लागल्या. दरम्यान ३१ मे २०२५ रोजी, अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीच्या दिवशी, शहरात मेट्रोचा पहिला सहा किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. त्यातील पाचही स्थानकांना कर्तबगार स्त्रियांची नावे आहेत, ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते. परंतु तो टप्पा सुपर कॉरिडॉरवर आहे. या रस्त्यावर नव्हे.

त्याच जून महिन्यात ते हमाली करणारे गृहस्थ पुन्हा शाळेत आले. केस पांढरे झालेले, पाठ किंचित वाकलेली. यावेळी त्यांच्यासोबत सर्वांत धाकटी मुलगी होती आणि तिच्या हातात बारावीची गुणपत्रिका. तिलाही होळकर महाविद्यालयातच जावयाचे होते. त्यांनी विचारले, “सर, ती बस आता पहिल्यासारखी जाते का? पस्तीस मिनिटांत?”

मला ‘होय’ म्हणवेना आणि ‘नाही’ही म्हणवेना. मी मुलीला सांगितले, महाविद्यालय सुरू झाले की पहिला आठवडा रोज बसमध्ये बसल्याची आणि उतरल्याची वेळ एका वहीत टिपून ठेव, आणि शनिवारी मला आणून दाखव. शिक्षकाची सवय, दुसरे काय.

शनिवारी दुपारी ती वही घेऊन आली. सुवाच्य अक्षरांत नोंदी होत्या : सोमवार, ४४ मिनिटे. मंगळवार, ५१. बुधवारी पाऊस होता, एक तास आठ मिनिटे. गुरुवार, ४९. शुक्रवार, ५५. पुढच्या पानावर तिने त्यांची सरासरीही काढली होती आणि ती बिनचूक होती. मी वही परत देत विचारले, “वडिलांनी पाहिली का ही?”

“नाही, सर,” ती म्हणाली. “घरी मी चाळीसच सांगते.”

मी वहीच्या त्या पानाखाली, सवयीप्रमाणे, तारीख घालून सही केली आणि ती तिच्या हाती दिली.