आडवी बाटली आणि ओहायोची अट

दारूचं दुकान बंद करण्यासाठी होणारं मतदान आपल्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकली की दुकान बंद.

पण जिंकली म्हणजे किती मतांनी? इथे एक अट आहे. मतदानाला आलेल्या बायकांपैकी निम्म्या पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. समजा यादीत ६०० बायका आहेत. त्यातल्या ३४० आल्या, २९० जणींनी आडवी बाटली निवडली, ५० जणींनी उभी. तरी आपण हरलो, कारण ३०१ हव्या होत्या. जी घरी राहिली, तिचं मत न देताच उभ्या बाटलीला गेलं.

आमच्या शेजारच्या गावात असंच झालं. मतदान ऊसतोडीच्या दिवसांत आलं. टोळीबरोबर गेलेल्या बायकांची नावं यादीत होती आणि त्या स्वतः कारखान्याच्या तळावर होत्या. सासरी गेलेल्या मुलींचीही नावं तशीच होती. हक्क कागदावर शाबूत होता, फक्त तो वापरता आला नाही.

म्हणून आज आम्ही तुम्हाला अमेरिकेतल्या ओहायो राज्याची गोष्ट सांगणार आहोत. तिथे १९१२ पासून लोकांना मोठा हक्क आहे. पुरेशा सह्या गोळा केल्या, तर राज्यघटनेतला बदल लोक थेट मतदानाला टाकू शकतात. आपल्याकडे असा हक्क नाही, दारूबंदीचं मतदान हे त्याचं लहानसं भावंड म्हणता येईल. ओहायोत अशा बदलासाठी चार लाखांहून जास्त सह्या लागतात, त्याही ८८ पैकी ४४ काउंट्यांतून ठरलेल्या प्रमाणात. काउंटी म्हणजे तिथला जिल्हा. नंतर मतदानात निम्म्याहून जास्त मतं पडली की बदल मंजूर.

२०२३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ही वाट अरुंद करायचं ठरवलं. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. निम्म्याऐवजी ६० टक्के मतं हवीत. सह्या ४४ नव्हे, सगळ्या ८८ काउंट्यांतून हव्यात. आणि सह्या कमी पडल्या तर भरून काढायला मिळणारे १० दिवस बंद.

त्यांचं म्हणणं असं, की राज्यघटना म्हणजे काही रोज बदलायची वस्तू नाही, बाहेरचे पैसेवाले येऊन ती बदलून घेतील. हे म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण विचार करा, ८८ ठिकाणी माणसं कोण पाठवू शकतं? पैसेवाला पगारी माणसं नेमतो. कामावरून सुटून दारोदार फिरणाऱ्या बायका मात्र अडतात. एका काउंटीत सह्या कमी पडल्या की बाकी ८७ ठिकाणची मेहनत पाण्यात. अट पैशाला रोखण्यासाठी म्हणून आणली, पण रोखणार होती साध्या माणसांना.

आणखी एक गंमत. ६० टक्क्यांची अट आणायला मात्र निम्म्याहून जास्त मतं पुरणार होती. शिवाय मतदान ठेवलं ऑगस्टमध्ये. काही महिन्यांपूर्वी याच विधिमंडळाने ऑगस्टमधल्या बहुतेक निवडणुका बंद केल्या होत्या, खर्च होतो आणि लोक येत नाहीत म्हणून.

पण या वेळी लोक आले. ८ ऑगस्ट २०२३ ला तीस लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं आणि सुमारे ५७ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. नोव्हेंबरमध्ये गर्भपात आणि मूल होण्याविषयीचे निर्णय स्वतः घेण्याचा हक्क राज्यघटनेत घालण्यासाठी मतदान झालं. तो सुमारे ५७ टक्के मतांनी मंजूर झाला. ६० ची अट आली असती, तर बहुमत असूनही तो हरला असता.

त्याच दिवशी लोकांनी गांजाला कायदेशीर परवानगीही दिली. ते आम्हाला रुचत नाही. पण लोकांचा कौल आपल्या मनासारखा नाही, म्हणून लोकांना विचारणंच बंद करायचं, हे आम्हाला मान्य नाही. न पटलेल्या निर्णयाविरुद्ध बोलावं, प्रचार करावा, पुन्हा मत मागावं. दार मात्र बंद करू नये.

मैत्रिणींनो, हक्क काढून घेतला की आपण ओरडतो. अट वाढवली की कळतही नाही. म्हणून कोणताही नवा नियम आला की तीन प्रश्न विचारा. सह्या किती आणि कुठून? निम्मे म्हणजे कशाच्या निम्मे? मतदान कोणत्या महिन्यात?

आणि एक काम आजच हाती घ्या. पुढच्या बैठकीत गावाची मतदार यादी मोठ्याने वाचा. वारलेल्यांची आणि कायमच्या बाहेर गेलेल्यांची नावं काढण्यासाठी नमुना ७ भरून बीएलओकडे द्या. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं नाव मात्र काढू नका, ती गावचीच आहे. मतदानाची तारीख ती परतल्यावरची मागा, आणि ती मागणी लेखी द्या.