अंगणातला बंब

पौषातली पहाट. तोरणमाळच्या किंवा डाबच्या पठारावर गवतावरचे दवही कधी कधी गोठून जाते. अशा वेळी आश्रमशाळेतल्या मुलांना ‘चला, अंघोळीला’ म्हणणे गुरुजींच्याही जिवावर येते. मग एक तर अंघोळ टळते, नाही तर तीन दगडांवर पातेले चढते आणि मायबहिणींनी डोंगरातून डोक्यावर आणलेली मोळी बघता बघता संपते. यावर उपाय म्हणून गावातल्या लोहाराकडून करून घेता येईल अशा बंबाचा आज आपण विचार करू.

अमेरिकेच्या थंड उत्तर भागात काही लोक घराबाहेर लाकडाचा मोठा बंब ठेवतात. त्यातले गरम पाणी नळ्यांतून खेळवून सारे घर उबदार करतात. आपल्या कुडाच्या भिंतींना आणि कौलांना इतक्या फटी, की तेथे तो खटाटोप व्यर्थ. आपल्याला घर नव्हे, माणूस तापवायचा आहे. आणि त्याला बादलीभर ऊन पाणी पुरते.

आता थोडा हिशेब करू. 15 लिटरच्या दहा बादल्या पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला 3,750 किलोकॅलरी उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण तेवढीच असते. म्हणजे एका किलोत काम व्हावे! पण तीन दगडांच्या चुलीत नऊ हिस्से वाऱ्यावर जातात आणि एक हिस्सा पाण्याला मिळतो. लागले की नाही दहा किलो? एकतृतीयांश उष्णता जरी पाण्याला मिळाली, तरी तीन किलोंत भागेल.

हेच बंबाचे मर्म. पुण्याच्या तांबट आळीत घडणारे तांब्याचे बंब पाहा. विस्तव पाण्याच्या खाली नसतो, पाण्याच्या पोटात असतो. मधोमध उभी नळी, तळाशी जाळी, चारी बाजूंनी पाणी. जाळ आणि धूर वर जाता जाता नळीला, म्हणजेच पाण्याला, आपली उष्णता देत जातात.

आपल्याला तांबे परवडणार नाही; 200 लिटरचे लोखंडी पिंप चालेल. मात्र पेट्रोलचे, रॉकेलचे किंवा फवारणीच्या औषधाचे पिंप मुळीच घेऊ नका. आत उरलेली इंधनाची वाफ वेल्डिंगच्या ठिणगीने भडकते, आणि औषधाचे विष धुऊनही पुरते जात नाही. पिंपाच्या मधून वीतभर रुंदीची जाड नळी आरपार बसवावी. थंड पाण्यासाठी नरसाळ्याची नळी तळापर्यंत न्यावी. गरम पाण्याची तोटी मात्र वरच्या कडेजवळ ठेवावी, आणि नरसाळ्याचे तोंड तोटीहून उंच असावे. गरम पाणी हलके म्हणून वर राहते. बादलीभर थंड पाणी ओतले, की तोटीतून बादलीभर ऊन पाणी बाहेर येते. जितके घालाल तितके मिळेल, आणि बंब कधी रिकामा होणार नाही.

या तोटीला चावी बसवू नका, आणि झाकणही घट्ट करू नका, बरं का! एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून अधिक जागा मागते. ती मिळाली नाही, तर पिंप फुटते. बंब पाण्याने भरल्याशिवाय विस्तव घालू नये. मुलांना दूर ठेवावे. बादलीत आधी थंड पाणी, मग ऊन.

लाकूड वाळलेलेच हवे. ओल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ते पाणी उडवण्यातच जाळ खर्ची पडतो आणि धूर होतो. विस्तव थोडा वेळ, पण खणखणीत पेटवावा. अमेरिकेतले ते बंब हवा कोंडून तासन्‌तास धुमसत ठेवल्याने फार धूर करीत. तेथील सरकारला 2015 साली त्यांच्या धुरावर मर्यादा घालावी लागली.

शेवटची गोष्ट. बंब अंगणातच असू द्या. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. बंद खोलीत तो झोपेतच माणसाचा जीव घेतो. म्हणून शेगडीही दार लावून उशाशी ठेवू नये. एवढे सांभाळले, तर तीन किलो लाकडांत दहा मुलांची अंघोळ होईल, आणि डोक्यावरची मोळी तेवढी हलकी होईल.