“एका दाण्याने काय होतंय?”

“एवढ्या एका दाण्याने काय होतंय हो?” हे वाक्य मी माझ्या हयातीत किती वेळा उच्चारले असेल, त्याची मोजदाद नाही. खोटे कशाला सांगू? ज्या घरात काकडीच्या कोशिंबिरीपासून साबुदाण्याच्या खिचडीपर्यंत दाण्याच्या कुटावाचून पान हलत नाही, त्या घरातल्या बाईने दुसरे काय म्हणावे!

२०१७ साली मुलगा-सून पुण्याला सुट्टीवर आली होती. नातू निहार तेव्हा तीन वर्षांचा. त्याला दाणे आणि तीळ चालत नाहीत, हे सूनबाईने विमानतळावरून घरी येतानाच बजावले होते. मीही त्याच्यासाठी बिनकुटाची कोशिंबीर वेगळी काढून ठेवली. पण वाढताना चमचा मात्र तोच घेतला. दहा मिनिटांत पोराच्या अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली, आवाज घोगरा झाला. सुनेने त्याच्या मांडीत इंजेक्शन टोचले आणि आम्ही रिक्षा करून दवाखाना गाठला. रात्रभर तिथेच होतो. पोर वाचले. मला कोणी एका शब्दाने बोलले नाही, आणि तेच मला अधिक लागले.

म्हणूनच २०२३ च्या जूनमध्ये, आम्ही उभयता मुलाकडे सिएटलला गेलो असता त्याने अलास्काच्या सात दिवसांच्या बोटीच्या सफरीची गोष्ट काढली, तेव्हा पहिला विरोध माझा.

“घरात आजीला जमलं नाही,” मी म्हटले, “तिथे दोन-तीन हजार माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या परक्या आचाऱ्यांना काय जमणार?”

“आई, तिथे लिहून घेतात,” सूनबाई म्हणाली. “आपण तेव्हा नुसतं सांगितलं होतं.”

सहा वर्षांत त्या प्रसंगावर ती बोललेले हे पहिले वाक्य!

तिने लिहून मात्र खरेच सगळे दिले होते. तिकिटे काढतानाच कंपनीला पत्र, आणि निघण्याच्या दोन महिने आधी पुन्हा एक. त्यात मोघम काही नाही. शेंगदाणा, तीळ, त्यांचे तेल, त्यांची चटणी, एवढेच नव्हे तर ज्या भांड्यात हे पदार्थ शिजले ते भांडेसुद्धा नको, असे स्वच्छ लिहिलेले. आमच्या ‘ह्यां’ना दूध पचत नाही, तेव्हा त्यांनाही हुरूप आला. “माझीही ॲलर्जी लिहा त्यात!” म्हणाले. सूनबाईने नाही म्हटले. दुधातली साखर न पचणे वेगळे. त्याने पोट फुगते, धावपळ होते, चारचौघांत पंचाईत होते, पण जीव जात नाही. ॲलर्जीत शरीराची राखणदार फौजच दाण्याला शत्रू समजून घरादारावर तुटून पडते. दोन्ही गोष्टी कळवायच्या, पण वेगवेगळ्या नावांनी. साऱ्यांनीच ‘ॲलर्जी, ॲलर्जी’ म्हटले, तर बिचाऱ्या आचाऱ्याने खरी कोणती मानायची? ‘हे’ थोडे हिरमुसले. आपला आजार खालच्या दर्जाचा ठरला असे त्यांना वाटले असावे.

बोटीवर चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच हमाल घेऊन जातात आणि त्या खोलीच्या दाराशी येईपर्यंत कित्येक तास लोटतात. कोणाची औषधे त्या बॅगेत असली, तर तेवढा वेळ तो रामभरोसे! ॲड्रिनलीनची दोन तयार इंजेक्शने सूनबाईच्या खांद्यावरच्या पिशवीत होती, आणि ती पिशवी आठवडाभर निहारच्या दहा पावलांपलीकडे गेली नाही. दोन एवढ्यासाठी, की पहिल्याने पाच ते पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरे द्यावे लागते. गांध्यांवर आपण घेतो ती गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या अंगाला द्यायचे, कपड्यावरूनही चालते, आणि रोग्याला उठून चालू द्यायचे नाही. पुण्यातल्या त्या दुपारी मी निहारला ‘चल, मोरीत तोंड धुऊ’ म्हणून उभा करीत होते, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

भोजनगृहाच्या प्रमुखाची गाठ आम्ही पहिल्याच संध्याकाळी घेतली. रोज तेच टेबल, तोच वाढपी. उद्याच्या जेवणाची यादी आज रात्री हातात येई, सूनबाई त्यातून निवडी, आणि निहारचे ताट वेगळे शिजून झाकून येई. गंमत म्हणजे, जिथे खरी चंगळ, त्या वरच्या मजल्यावरच्या ‘घ्या हवे ते’ पद्धतीच्या जेवणाकडे आम्हाला फिरकायची बंदी होती. तिथे पदार्थांत दोष नाही, दोष चिमट्यांत! एक गृहस्थ दाण्याच्या रश्श्यातला चिमटा उचलून फळांत घालतो, दुसरा तोच पावाच्या टोपलीत ठेवतो. माझ्या चमच्याचीच ही मोठी आवृत्ती. दारात हातावर औषधी द्रव घालणारा माणूस हसतमुखाने उभा असतो. पण त्या द्रवाने जंतू मरतात, दाण्याचा अंश जात नाही. त्याला साबण आणि पाणीच हवे. निहार दिवसातून वीस वेळा हात धुई, आणि त्याच्या धाकाने आम्हीही.

या साऱ्या प्रकाराच्या शोधाची सुरुवातही बोटीवरच व्हावी, याचे मला मोठे नवल वाटते. १९०१ साली मोनॅकोचा राजा पहिला आल्बर्ट याच्या जहाजावरून शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रसफरीला गेले होते. एका विषारी सागरी जीवाचा अभ्यास तिथे सुरू झाला. घरी परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना थोडथोडे टोचून पाहिले. अपेक्षा ही की अंगवळणी पडेल. झाले उलटे. पहिल्या खेपेस तगलेला धडधाकट कुत्रा, काही आठवड्यांनी पुन्हा मात्रा मिळताच, अर्ध्या तासाच्या आत मेला. रिशेंना याबद्दल १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘थोडं थोडं खायला घाला म्हणजे सवय होईल’ असा सल्ला मीही सुनेला फोनवर दिला होता. आज काही मुलांना तसे देतातही. पण ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अगदी मोजून. आजीच्या अंदाजाने नव्हे.

जूनो झाले, स्कॅगवे झाले. पाचव्या दिवशी बोट ग्लेशियर बेमध्ये शिरली. या खाडीत प्रवासी बोटी दिवसाला दोनच सोडतात आणि धक्क्याला कोणतीच लागत नाही. दिवसभर बर्फाच्या निळ्या भिंती पाहायच्या आणि त्यांचे कडे पाण्यात कोसळताना तोफेसारखा आवाज ऐकायचा. सगळे डोळे भरून पाहत होते. मी मनात हिशेब करीत होते, की इथे काही झाले तर बोटीवरचा डॉक्टर आणि ती पिशवी, एवढाच आधार.

त्या रात्री आमचा वाढपी, मडगावचा एक तरुण, काहीतरी झाकून घेऊन आला. चार दिवस मी भातावर ताक नाही म्हणून कुरकुरत होते, ते त्याने ऐकले होते. मुंबईकडच्या एका आचाऱ्याला गाठून त्याने माझ्यासाठी भरली वांगी करवून आणली होती! झाकण काढताच तो ओळखीचा खमंग वास आला. दाण्याचा कूट आणि भाजलेले तीळ.

“हे बाबाला नाही हां मावशी, तुमच्यासाठी,” तो म्हणाला.

माझ्या उजव्या हाताला निहार बसला होता. वाटी माझी, चमचा माझा, मला काय होणार होते? खरे सांगते, तोंडाला पाणी सुटले होते. पण हात पुढे होईना. मी झाकण परत ठेवले. “घेऊन जा रे बाबा. आणि तुझेही हात साबणाने धू.”

त्याचा चेहरा एवढासा झाला. देणाऱ्याला नाही म्हणणे आपल्याकडे शिकवतच नाहीत. जेवण संपेपर्यंत मला घास गोड लागला नाही.

टेबले रिकामी होऊ लागल्यावर तो पुन्हा आला. मला वाटले रागावला असेल. “मावशी, ती सुई कशी मारतात?” त्याने हळूच विचारले. त्याच्या घरी पाच वर्षांचा मुलगा. सुंगटे खाल्ली की त्याचे तोंड सुजते. बायको घाबरते, आणि त्याची आई म्हणते, “एक सुंगट खाल्यार कितें जाता?”

सूनबाईने माझ्याकडे पाहिले. मग पिशवीतून सरावाचे बिनसुईचे पेन काढून तिने निहारच्या हाती दिले. “आधी डॉक्टरला दाखव हां मुलाला,” ती म्हणाली. निहारने निळी टोपी उपटली, केशरी टोक त्या तरुणाच्या मांडीवर दाबले आणि मोठ्याने तीन आकडे मोजले.

“आता तुम्ही करा, काका.”

त्याने दोनदा करून पाहिले. दुसऱ्यांदा त्याचे बरोबर जमले.