चालती गाडी अचानक बंद पडते? सेन्सर बदलण्याआधी वायर तपासा

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे सगळ्यात छळणारा बग म्हणजे कधी येणारा, कधी न येणारा. गाडीत हेच काम झिजलेली वायर करते. चालता चालता इंजिन बंद, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू, आणि गॅरेजमध्ये नेली की गाडी एकदम शहाणी! मग अंदाजाने सेन्सर, फ्युएल पंप बदलले जातात. पैसे जातात, दोष तसाच.

असं का होतं?

पेट्रोल इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सिग्नलवरून इंधन आणि स्पार्कची वेळ ठरवतो. सिग्नल तुटला की इंजिन बंद. वायर ब्रॅकेटवर घासते, उष्णतेने तिचं कव्हर तडकतं, कधी उंदीर कुरतडतात.

स्कॅनरवर ०३३५ हा कोड आला तर तो नीट वाचा. तो क्रँकशाफ्ट सेन्सरच्या 'सर्किट'चा आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, वायर आणि कनेक्टर, तिन्ही.

कसं शोधायचं?

१. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून इंजिन चालू ठेवा. फॅन, बेल्ट आणि गरम भागांपासून हात लांब ठेवून हार्नेस थोडा थोडा हलवा. जिथे इंजिन अडखळेल, तिथे दोष.

२. मल्टिमीटरच्या 'बीप'वर विसंबू नका. वायरचे दोन-चार तंतू शिल्लक असले तरी बीप वाजते. पंप ६ अँपिअर घेत असेल आणि वायरमध्ये अर्धा ओहम रोध असेल, तर तिथेच ३ व्होल्ट जातात! म्हणून पंप चालू असताना बॅटरीचा प्लस आणि पंपाचा प्लस यांच्यामधला व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त आला तर ती लाइन तपासा. अर्थिंगच्या बाजूनेही असंच मोजा, तिथे ०.२ व्होल्टच्या वर गेलं की संशय घ्या.

दुरुस्ती

आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. काळी पडलेली वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा, तेवढ्याच जाडीची नवी वायर क्रिंप करून जोडा आणि वर हीट-श्रिंक ट्यूब चढवा. नुसती टेप गुंडाळू नका, इंजिनच्या उष्णतेने तिचा गोंद सुटतो. ज्या कडेवर वायर घासत होती तिथून ती दूर क्लिप करा, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा तेच. मोठा फ्यूज टाकणं हा उपाय नाही, त्याने आग लागू शकते. एअरबॅगच्या आणि पेट्रोल टाकीजवळच्या वायरिंगचं काम ऑटो इलेक्ट्रिशियनलाच द्या.

रस्त्यात बंद पडली तर?

स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. म्हणून ब्रेक पंप करू नका, एकदाच घट्ट दाबा. गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. हॅझर्ड लाइट लावून डावीकडे घ्या. घाटात हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून 'पुन्हा सुरू झाली ना' म्हणून सोडून देऊ नका.