नगाऱ्याचा माग काढणारा बँडवाला

देवळातल्या आरतीला घुमणारा नगारा मराठी माणसाला परका वाटत नाही. गडावरचा नगारखानाही आपलाच. पण ‘नगारा’ हा शब्द अरबी ‘नक्कारा’वरून आला आहे. हाच शब्द मध्ययुगात युरोपातही पोहोचला आणि इंग्रजीत ‘नेकर’ झाला. अरबांचा ‘अल-ऊद’ तिकडे ‘ल्यूट’ झाला, तर ‘रबाब’ ‘रेबेक’ झाला.

वाद्ये गेली, नावे गेली. पण त्यांच्याबरोबर संगीताचे शास्त्रही गेले का? या प्रश्नाचा आयुष्यभर माग काढणारे हेन्री जॉर्ज फार्मर ना अरब होते, ना मुसलमान. ते लष्करी बँडमधले वादक होते.

फार्मर यांचा जन्म १८८२चा, आयर्लंडमधला. किशोरवयातच ते ब्रिटिश लष्कराच्या रॉयल आर्टिलरी बँडमध्ये दाखल झाले. १९०४ मध्ये त्यांनी या बँडचा इतिहास लिहिला. पुढे ते नाट्यगृहांतील वाद्यवृंदाचे संचालक झाले आणि १९१४ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगोला आले. त्याच सुमारास साल्वादोर-दानिएल या फ्रेंच संगीतकाराचे अरबी संगीतावरील पुस्तक त्यांनी इंग्रजीत आणले, सोबत स्वतःच्या टिपा जोडल्या.

पण मूळ अरबी ग्रंथ वाचल्याशिवाय हा विषय पुढे जाणार नव्हता. म्हणून संसार आणि नोकरी सांभाळणारा हा माणूस ग्लासगो विद्यापीठात विद्यार्थी म्हणून जाऊन अरबी शिकू लागला. संध्याकाळी नाट्यगृहात वाद्यवृंद, एरवी अल-किंदी आणि अल-फाराबी. १९२६ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, ते डॉक्टरेट झाले.

तोवर वाद पेटला होता. युरोपीय संगीतशास्त्र अरबांचे ऋणी आहे, असे फार्मर मांडत होते. कॅथलीन श्लेसिंगर या विदुषीने त्यांना जाहीर आव्हान दिले. फार्मर यांनी अरबी हस्तलिखिते आणि लॅटिन भाषांतरे धुंडाळून १९३० मध्ये पुस्तकरूपाने उत्तर दिले. त्यांचे सगळेच म्हणणे टिकले असे नाही. ‘दो-रे-मी’ हे स्वरनाम अरबी अक्षरांवरून आले असावे, हा त्यांनी उचलून धरलेला तर्क आज बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. ती अक्षरे एका लॅटिन स्तोत्रातून घेतलेली आहेत. पण वाद्यांचा प्रवास आणि अल-फाराबीच्या लेखनाचे लॅटिनमध्ये झालेले भाषांतर, हे त्यांनी जमवलेले पुरावे आजही तपासले जातात.

त्याआधी, १९२९ मध्ये, त्यांचा अरबी संगीताचा इतिहास प्रसिद्ध झाला. इस्लामपूर्व काळापासून १२५८ मधील बगदादच्या पाडावापर्यंतची ही कहाणी आहे. त्यात एक प्रकरण खास ‘इस्लाम आणि संगीत’ यावर आहे. इस्लामला संगीत मंजूर आहे का, हा प्रश्न आजही रमजानच्या गप्पांत निघतो आणि बहुधा एका वाक्यात निकालात काढला जातो. फार्मर यांनी तसे केले नाही. निषिद्ध म्हणणारे आणि जायज म्हणणारे, दोन्ही बाजूंचे दाखले त्यांनी मांडले. शिवाय हा वाद चालू असतानाच खलिफांच्या दरबारात गायक कसे नावारूपाला आले, तेही दाखवले.

१९३२ मध्ये कैरो येथे अरबी संगीताची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. बेला बार्टोक यांच्यासारखे संगीतकार तिथे आले होते. इतिहास आणि हस्तलिखिते या विषयाच्या समितीचे अध्यक्षपद मिळाले ते बँडमधून आलेल्या फार्मर यांना. पुढे १९४० मध्ये त्यांनी अरबी संगीतविषयक हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली. नंतरच्या अभ्यासकांना कोणता ग्रंथ कुठे शोधायचा, हे त्यामुळे कळले.

१९६५ मध्ये फार्मर यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथसंग्रह आज ग्लासगो विद्यापीठात आहे. संस्कृतींच्या देवाणघेवाणीवर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. देणाऱ्याची वही त्याच्याच भाषेत वाचता यावी म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर नवी लिपी गिरवायला बसणारे मात्र थोडेच.