गाडी सावलीत, डिश उन्हात

कापडाचे सेल, प्रदर्शने, उरूस आणि जत्रा यांच्या मागे फिरणारा व्यापारी वर्षातले कित्येक दिवस घराबाहेर काढतो. लॉजचे भाडे वाचावे, माल डोळ्यांसमोर राहावा, म्हणून आमच्यापैकी काहींनी मिनीबसमध्ये आर.टी.ओ.च्या मंजुरीने बर्थ, शेगडी आणि पंखे बसवून चाकावरचे घर करून घेतले आहे. यालाच मोटरहोम किंवा कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यामुळे हे काम आता बॉडी बांधणाऱ्या, वायरिंग करणाऱ्या आणि गाद्या शिवणाऱ्या कारागिरांच्याही उपयोगाचे आहे.

अशा गाडीत टीव्ही ही चैन आहे, असे काही बुजुर्ग म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. दिवसभर गिऱ्हाईक सांभाळून थकलेली पोरे संध्याकाळी बातम्या आणि क्रिकेट बघत गाडीतच बसली, तर मालावर नजर राहते आणि खिशातला पैसाही जागेवर राहतो. मोबाईलवर सर्व दिसते हे खरे. पण घाटात रेंज जाते आणि जत्रेच्या गर्दीत टॉवरवर एवढा ताण येतो की चित्र अडकून बसते. म्हणून डिशची गरज संपलेली नाही.

पहिली गोष्ट अँटेनाची. छपरावरचा जुना काड्यांचा अँटेना आता आपल्याकडे जवळपास निरुपयोगी झाला आहे. दूरदर्शनने आपले जमिनीवरचे जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले आणि २०२२ पर्यंत त्यातले थोडेच उरले. इंग्लंड-अमेरिकेत मात्र गाडीच्या छतावरचा अँटेना आजही कामाचा आहे, कारण तिथे जमिनीवरून डिजिटल प्रसारण चालते. तिकडचे वाचून किंवा ऐकून इथे कोणी अँटेना विकू लागला, तर पैसे देऊ नयेत.

आपल्याकडे भरवसा उपग्रहाचा. दूरदर्शनची मोफत सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली, तिलाच आज डीडी फ्री डिश म्हणतात. तिला दरमहा भाडे नाही, म्हणून वर्षातले थोडेच महिने फिरणाऱ्याला ती परवडते. ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने तो आपल्याला एकाच जागी उभा दिसतो. आपली गाडी मात्र रोज जागा बदलते. सगळी अडचण इथेच आहे.

उपग्रह आपल्याला आग्नेयेला दिसतो. होकायंत्रावर उत्तरेपासून मोजले तर मुंबई-भिवंडीहून साधारण १३१ अंश, मालेगावहून १३६ आणि नागपूरहून १४५ अंशांवर. आकाशातली उंची मुंबई आणि मालेगावला सुमारे ५८ अंश, नागपूरला ६० अंश. म्हणजे गाव बदलले की उंचीत फारसा फरक पडत नाही, फिरवावे लागते ते मुख्यतः दिशेला. होकायंत्र गाडीच्या पत्र्यापासून चार पावले दूर धरावे, नाहीतर लोखंड सुई ओढते.

इथे पुष्कळ जण फसतात. आपल्या साध्या डिशचा डोळा, म्हणजे एलएनबी, खालून पुढे आलेल्या दांड्यावर असतो. अशी डिश तिचे तोंड दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. म्हणून उपग्रह इतका उंच असूनही डिश बरीचशी उभीच ठेवावी लागते. तिचे तोंड आकाशाकडे केले की चित्र येत नाही, आणि लोक बॉक्सला दोष देतात.

आता जागेबद्दल. उपग्रह उंच असल्याने आपले काम सोपे आहे. आग्नेयेला डिशपेक्षा दहा मीटर उंच भिंत असेल, तर तिच्यापासून सहा-सात मीटर दूर उभे राहिले की पुरे. लंडनमध्ये तिकडच्या उपग्रहाची उंची जेमतेम २५ अंश आहे, तिथे तेवढ्याच भिंतीपासून वीस मीटरच्या वर सरकावे लागते. पण झाडाखाली मात्र इथेही चालत नाही. पानांतून ऊन येते, या लहरी नीट येत नाहीत.

आणि फिरत्या व्यापाऱ्याला तर झाडाखालीच गाडी लावायची असते, कारण पत्रा तापतो आणि मालही तापतो. म्हणून आमचा सल्ला असा की डिश छतावर पक्की करूच नये. लोखंडी पाईपचा तीन पायांचा स्टँड कोणत्याही वेल्डरकडून बनवून घ्यावा, त्यावर दोन फुटी डिश बसवावी, पायांवर वाळूची पोती ठेवावीत आणि दहा-पंधरा मीटर आरजी-६ केबलने ती गाडीला जोडावी. गाडी सावलीत, डिश उन्हात. पावसाळ्यात फिरणाऱ्याने तीन फुटी डिश घ्यावी. जोराच्या पावसात लहरी कमजोर होतात, तेव्हा मोठ्या डिशकडे थोडी शिल्लक राहते.

डिश लावताना बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंग्थची पट्टी नुसती केबल जोडली तरी भरते, तिच्यावर विसंबू नये. क्वालिटीची पट्टी बघावी. डिश बोटभर सरकवावी, दोन-तीन सेकंद थांबावे, पुन्हा सरकवावी. घाई केली की उपग्रह हातातून निसटतो. क्वालिटी आली की शेवटी एलएनबी थोडा डावी-उजवीकडे फिरवून बघावा. लांबच्या गावी गेल्यावर हे विशेष करावे.

चालत्या गाडीत चित्र देणारे, स्वतः फिरणारे घुमटही मिळतात. ते खोटे नाहीत. पण महाग आहेत आणि झाडाखाली तेही आंधळेच. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याला असा घुमट "कुठेही चालेल" म्हणून विकला गेला. जत्रेतली त्याची जागा वडाखाली होती. दुकानदाराने नंतर फोन उचलला नाही. जो रात्री मुक्कामालाच टीव्ही बघणार, त्याला घुमटाची गरज काय?

सर्वात मोठे नुकसान मात्र डिशमुळे नाही, बॅटरीमुळे होते. लहान एलईडी टीव्ही आणि बॉक्स मिळून साधारण चाळीस वॉट घेतात. म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून ताशी तीन-साडेतीन अँपिअर, चार तासांत तेरा-चौदा. त्यात पंखे आणि दिवे. हे सगळे इंजिनच्या बॅटरीवर टाकले, की पहाटे गाडी चालू होत नाही आणि आठवड्याच्या बाजारातली जागा दुसरा घेतो. एका संध्याकाळच्या मॅचपायी दिवसाची विक्री जाते. म्हणून घरगुती वापराची बॅटरी वेगळीच ठेवावी.

शेवटी थोडी खबरदारी. विजेच्या तारांखाली स्टँड उभा करू नये. ढग गडगडू लागले की केबल काढून ठेवावी. टीव्ही ड्रायव्हरच्या नजरेत येईल असा बसवू नये.

कारागीर बंधूंनाही एक शब्द. या कामात यंत्र थोडे आणि हुनर जास्त आहे. गाडी ताब्यात देताना मालकाला दिशा, कोन आणि क्वालिटीची पट्टी समजावून सांगा, त्याच्याच हाताने एकदा डिश लावून घ्या आणि झाडाखाली चित्र येणार नाही हे आधीच सांगा. आधी सांगितलेली अडचण गिऱ्हाईक समजून घेते. नंतर कळलेली अडचण त्याला लबाडी वाटते. मग तुमचे नाव एका गाडीवरून दहा गाड्यांपर्यंत जाते, चांगलेही आणि वाईटही.